झुलाल नानांचा सा

धुळ्यात तेव्हा बासरी शिकवणारे दोघे होते. त्यातल्या एकाला दमा झाला, म्हणून मी दुसऱ्याकडे गेलो. हे दुसरे म्हणजे जुन्या धुळ्यातले झुलाल नाना. त्यांची शिकवणी पिठाच्या गिरणीत भरायची, कारण पोटासाठी ते गिरणी चालवत. बासरी कशासाठी वाजवत, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

साल अडुसष्ट. शिंदखेड्याहून मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलो आणि संगीत विषय घेतला. आमचे वडील हस्तीमलजी कापडदुकानदार. घरात आजवर कोणी शीळसुद्धा घातली नव्हती. ते म्हणाले, "निर्मल, एक वर्ष देतो. सगळ्या विषयांत पास झालास तर पुढे शीक. एकात जरी गेलास तरी दुकानात येऊन गज धरायचा." माझा आवाज ऐकून संगीताच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, "तुम्ही वाद्य घ्या. शिक्षक तुमचा तुम्ही शोधा." तेव्हा मला गजापासून वाचवणारे कोणी असतील तर ते नानाच होते.

पहिल्या दिवशी गेलो तर नाना पट्ट्याला मेण लावत होते. पंचावन्न-साठीचे असतील. भुवया, मिशा, कानातले केस, सगळं पांढरं. त्यातलं वयामुळे किती आणि पिठामुळे किती, ते मला वर्षभरात कळलं नाही. कोनाड्यातून बासरी काढून त्यांनी मांडीवर दोनदा आपटली, तेव्हा आधी चिमूटभर पीठ पडलं आणि मग सूर आला. सूर मात्र असा की दळणाला आलेल्या बाया बोलायच्या थांबल्या.

"नाना, तंबोरा कुठे आहे?" मी विचारलं.

"हाऊ काय घूं घूं करी राह्यना?" त्यांनी चक्कीकडे बोट दाखवलं. "समदा सूर हाईमा शे. तू कान दे फक्त."

त्यांची हकीकत अशी होती. भडगावकडचा हा गडी तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत गॅसबत्त्या पेटवायला लागला. तिथल्या बासरीवाल्याचे पाय दाबून विद्या मिळवली. कंपनी धुळ्यात बुडाली, मालक पळाला, आणि नाना पोटासाठी गिरणीवर लागले. मोटर पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी त्यांना तिच्यात सा ऐकू आला. मग बुरुडाकडून बांबू आणून, सळई तापवून, भोकं पाडत पाडत त्यांनी त्या सा-ला जुळणारी बासरी केली. तेव्हापासून ते कोणाच्या गाण्याला गेले नाहीत. म्हणायचे, "तठे सा दुसराच लावतस. माले घेरी येस."

माझी बासरीही त्यांनी तशीच करून दिली. मग रोज सकाळी सात ते आठ मी ज्वारीच्या पोत्यावर बसून फुंकायचो. एक अडचण होती. वरच्या खोक्यातलं धान्य संपत आलं की चक्की हलकी व्हायची आणि नव्या दळणाचा डबा ओतला की तिचा आवाज केसभर खाली बसायचा. एक डबा साधारण दहा मिनिटं चालायचा. नाना ओरडायचे, "सा उतरना, तू बी उतर." मी बासरी ओठांवर किंचित आत वळवायचो आणि सा-बरोबर उतरायचो. ज्वारीला थोडा, हरभऱ्याच्या डाळीला जास्त. दिवाळीपर्यंत मला डोळे मिटून सांगता येऊ लागलं की चक्कीत काय पडलं आहे. माझ्यापुरतं संगीत म्हणजे एवढंच होतं.

उतरणं टाळावं म्हणून नाना कधी कधी दगडच किंचित सैल करत. मग सूर स्थिर राहायचा, पण पीठ बिघडायचं. शेजारच्या ताईबाईंनी एकदा डबा आणून त्यांच्यासमोर आदळला.

"नाना, पीठ शे का रवा? भाकर तव्यावर जावाआधीच फाटस."

"काल पोऱ्याना नवा राग व्हता."

"रागनं माले काय करनं शे? मना सासराले दात नहीत."

"मंग त्याले सांग, भूप व्हई जावू दे. परवापासून बारीक देस."

ताईबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू लवकर पास व्हय रे भाऊ. आम्हले बारीक पीठ तरी मिळी."

मार्चमध्ये बाईंनी परीक्षेची तालीम ठेवली. पेटीवर वर्गातली एक मुलगी बसली. मी फुंकलं मात्र, तिने कानांवर हात ठेवले. माझा सा पेटीच्या काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या बरोबर मधोमध येत होता, आणि मधोमध पेटीला पट्टी नसते. शिवाय दहा मिनिटं झाली आणि मी सवयीने खाली उतरलो. बाई म्हणाल्या, "हे काय केलंत?" आता नवं दळण पडलं, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? परीक्षेला आठ दिवस होते. मला डोळ्यांपुढे कापड मोजायचा गज दिसायला लागला.

नाना दुसऱ्या दिवशी स्वतः कॉलेजात आले. पेटीची एक एक पट्टी दाबून त्यांनी डॉक्टरसारखं ऐकलं आणि निकाल दिला, "पेटी चुकेल शे."

"अहो, ती कारखान्यात लावलेली आहे," बाई म्हणाल्या.

"मंग कारखाना चुकेल शे."

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पेटीला वळण नसतं, तंबोऱ्याला असतं. कपाटातला तंबोरा काढून त्यांनी तारा सैल केल्या आणि माझ्या बासरीशी लावून दिल्या. "परीक्षाले मी बससू तंबोरावर," ते म्हणाले. पण दर दहा मिनिटांनी मी उतरणार, त्याला काय करायचं? उरलेले दिवस नानांनी सकाळच्या तासाला डबे न ओतता रिकामी चक्की फिरवून पाहिली. दगड तापले, गिरणीच्या मालकाने शिव्या दिल्या, मी तरी दहाव्या मिनिटाला उतरलोच. बासरी आत वळवायची सवय लागली होती, बैलाला गोठ्याच्या वळणावर लागते तशी. आणि परीक्षेत वाजवायचं होतं पंधरा मिनिटं.

परीक्षेच्या दिवशी नाना पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. गिरणीवर त्या महिन्यात पहिल्यांदाच कुलूप. परीक्षक जळगावचे, काळी टोपी, चष्मा नाकावर. त्यांनी नानांच्या भुवयांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मला सुरू करायला सांगितलं. तंबोरा घुमला. मी यमन धरला. पाच मिनिटं झाली, सहा झाली. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं आणि माझं अर्धं लक्ष त्याच्या काट्यात.

सातव्या मिनिटाला दार ढकललं गेलं. कमरेवर ज्वारीचा डबा घेऊन ताईबाई दारात उभ्या.

"नाना, तुम्ही आठे येईसन बसनात? गिरणीले कुलूप. सांजले सोयरा येनार शेत, घरमा मूठभर पीठ नही."

"थांब ना वं माय," नाना तंबोरा न सोडता कुजबुजले. "पोऱ्यानी परीक्षा चालू शे."

"मंग चालू द्या. मी काय त्याना तोंडले हात लावी राह्यनू?" असं म्हणून त्यांनी डबा खाली ठेवला आणि उंबऱ्यावर बसल्या. बसल्या त्या परीक्षकांकडे टक लावून.

परीक्षकांनी आधी चष्मा पुसला. मग विचारलं, "किती पाहुणे आहेत?"

"सहा. आन् त्यातला एक जावई."

परीक्षकही कोणाचे तरी जावई असणारच. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात वर केला. "पुरे. सूर पक्का आहे. कुठेही हलला नाही." तेव्हा घड्याळात साडेआठ मिनिटं झाली होती.

नाना तंबोरा ठेवून ताईबाईंचा डबा उचलून तरातरा निघून गेले. मला शाबासकी द्यायलाही थांबले नाहीत. बाई मात्र माझ्याकडे असं बघत होत्या की मी तोंड फिरवून बासरी पुसायला घेतली.

निकाल लागला. संगीतात त्रेचाळीस, बाकी सगळीकडे काठावर. मी शिंदखेड्याला गेलो तेव्हा बाबूजी दुकानात एका बाईला लुगडं दाखवत होते. गुणपत्रिका त्यांनी वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली, कुठे एखादा विषय निसटला का ते बघत.

"त्रेचाळीस?"

"पास आहे, बाबूजी."

"सूर बरोबर होता ना?"

"परीक्षक म्हणाले, कुठेही हलला नाही."

त्यांनी गज उचलला. तो त्यांनी मागच्या फळीवर ठेवला आणि लुगड्याची घडी मोडत म्हणाले, "कॉलेज कधी उघडतंय ते लिहून ठेव. ऐन वेळी धुळ्याच्या मोटारींना गर्दी असते."