नववा रकाना

दुपारचे दोन वाजलेत. पत्र्याची शेड तापली की वरून टक् टक् आवाज येत राहतो. मी चटईवर आडवी झालेय, दाराशीच, वारा लागेल म्हणून. उशाला फॉर्म आहे. पाच मिनिटं पाठ टेकायची, मग उठून नववा रकाना भरायचा, नाहीतर फॉर्मच फाडून टाकायचा, असं ठरवलंय. चार वाजता जीप येणार आणि संस्थेच्या मॅडम सगळ्यांचे फॉर्म गोळा करून नेणार. आज शेवटची तारीख.

डोळे जड झालेत, पण मिटत नाहीत. डोक्यात चक्र चालूच.

गेल्या पावसाळ्यात डोंगर आमच्या वरच्या जांभूळवाडीवर आला, तेव्हापासून देणारे पुष्कळ येऊन गेले. बादली दिली की फोटो, ब्लँकेट दिलं की फोटो. एकानं मला तेच ब्लँकेट दोनदा घ्यायला लावलं, का तर पहिल्या फोटोत माझे डोळे मिटले होते. आणि आता ही शिष्यवृत्ती. दरडीत घरदार गेलेल्या बायकांनी राहिलेलं शिक्षण पुरं करावं, फी आम्ही भरू, पुस्तकं आम्ही देऊ, जाण्यायेण्याचा पास आम्ही काढू. का बाबा? तुम्हाला काय मिळणार? मी मॅडमना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही." मग तर माझा संशय दुप्पट झाला.

तरी फॉर्म भरलाच. नर्सिंगचा, दोन वर्षांचा. माझं वय एकतीस, पस्तिशीपर्यंत चालतं. आठ रकाने एका बैठकीत भरले. नवव्यात लिहायचंय, 'आपत्तीत मृत्यू पावलेल्या कुटुंबीयाचे नाव व अर्जदाराशी नाते'. तो मोकळा राहिला तर अर्ज बाद.

आमच्या घरातलं एकच माणूस गेलं. माझ्या सासूबाई. माझी लेक तेव्हा शाळेत होती, मालक पुण्याला. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. दहा वर्षांपूर्वी मी हाच नर्सिंगचा फॉर्म घरी आणला होता. सासरे नव्हते, मालक पुण्याला कामाला, म्हणून घरच्या कर्त्या माणसाचा अंगठा आत्याबाईंचा हवा होता. त्यांनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर फॉर्मच गायब. म्हणाल्या, "उंदरानं नेला असंल." ज्या बाईनं शिकू दिलं नाही, तिच्या नावावर आता शिकायचं? माझा हात त्या रकान्यापाशी येऊन थांबतो. तीन आठवडे झाले, थांबलाय.

त्यात शेडमधल्या बायकांचं वेगळंच. "लिही की गं, सासूनं सुनेला वाचवलं म्हणून." का, तर त्या सकाळी आत्याबाईंनी मला भर पावसात दळण घेऊन खालच्या वाडीत पिटाळलं आणि मागं डोंगर आला. पेपरवाल्यांनाही हीच गोष्ट हवी होती. मी कुणाला दिली नाही, कारण माझाच त्या गोष्टीवर विश्वास नाही.

"सरक जरा, दारात काय पसरलीस?"

मी सरकते. आत्याबाई मला ओलांडून आत येतात.

मी आधी त्यांचे पाय बघते. मेलेल्या माणसाचे पाय उलटे असतात म्हणतात. सरळ आहेत. टाचांना भेगा, भेगांत लाल माती, वाळलेली.

"काय बघतीस?"

"काही नाही. पाय बघते."

"बघून घे," म्हणतात आणि फळीवरची मिश्रीची डबी उचलतात. ही डबी ढिगाऱ्यातून निघाली होती, तेवढीच मी त्यांची म्हणून ठेवलीय. आत्याबाई भिंतीला टेकून बसतात, डबी उघडतात, चिमूट घेतात. शेडभर भाजक्या तंबाखूचा वास सुटतो. तोच वास. मी फॉर्म उशाखाली आणखी आत ढकलते.

"कशाला आलात?"

"बोलावलंस म्हणून."

"मी? मी कशाला बोलावू?"

"तीन आठवडं माझं नाव घोळवतीयास आन् वर इचारतीस?"

नुसतं नाव घेतल्यावर येण्यामागं काहीतरी असणार. बोलावल्यावर येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

टेकलेली भिंत थरथरायला लागते. ती शेडची नाही, खालच्या वाडीतल्या गिरणीची भिंत आहे. पट्टा फिरतोय, पण गिरणीवाला कुठं नाही. ओळीनं डबे लागलेत आणि आत्याबाई त्यातल्या एका पालथ्या डब्यावर बसल्यात. केसांवर, भुवयांवर पीठ. आवाज एवढा की मला ओरडून विचारावं लागतं.

"त्या दिवशी मला इथं का धाडलंत? खरं सांगा!"

"पीठ संपलं हुतं!"

"एवढंच?"

"सकाळी च्यावरनं भांडलीस. तुझं त्वांड बघू वाटंना!"

"म्हणजे तुम्हाला डोंगराचं काही कळलं नव्हतं?"

"मला कळलं असतं तर मी घरात बसून राह्यले असते व्हय? खुळी का काय!"

मला हसू फुटतं. सहा-सात महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी बाजूला करावा तसं होतं. त्यांनी मला वाचवलं नव्हतं. पीठ संपलं होतं. हे मला पटतं, कारण ह्यात आत्याबाई आहेत, जशा होत्या तशा.

आणि त्याच हुरुपात मी दुसरं विचारते.

"तेव्हाचा फॉर्म?"

पट्टा थांबतो. गिरणी एकदम गप्प.

"जाळला," आत्याबाई म्हणतात. "चुलीत घातला."

"उंदरानं नेला म्हणालात."

"उंदीर कागद घिऊन काय करंल? तूबी इस्वास ठिवलास."

"नव्हता ठेवला."

"ठावं हाय मला. दहा वर्स माझ्याकडं चोरावानी बघत हुतीस."

"का पण, आत्याबाई? का जाळलात?"

मला रडायचं नाहीये ह्या बाईपुढं, पण रडू येतंच. दहा वर्षं! धाकट्या जावेची बहीण आता सरकारी दवाखान्यात आहे, पांढरी साडी नेसून. मी शेण काढत राहिले.

मी डोळे पुसून बघते तर आम्ही वर्गात आहोत. लांब बाकं, फळ्यावर माणसाच्या आतड्याचं चित्र, खिडकीबाहेर आमच्याच वाडीचा पिंपळ, जो आता नाही. पहिल्या बाकावर आत्याबाई पाय वर घेऊन बसल्यात.

"हितं काय शिकवत्यात?"

"सुई टोचायला. ताप बघायला. बाळंतपण करायला."

"ह्यॅ! वाडीतली बाळंतपणं मीच केली की समदी. माझ्याकडं कुठं कागद हुता?"

"त्यातल्या दोघी गेल्या," मी म्हणते. लागावं म्हणूनच म्हणते.

आत्याबाई मिश्रीचं बोट दातावरून खाली घेतात.

"तिघी," त्या म्हणतात. "एक तू यायच्या आधी गेली. माझीच लेक. पयलं बाळंतपण. रगत थांबंना. रातभर माझा हात तिच्या पोटावं हुता आन् मला काय करावं कळंना."

ही लेक मला कुणी सांगितली नव्हती. मालकांनीही नाही. एक बहीण होती, तापानं गेली, एवढंच ऐकलेलं. मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघते, खोटं बोलतात का. खोटं बोलताना त्यांची नजर वर छताकडं जायची. आता ती माझ्यावर आहे.

"तू कागद आणलास तवा मनात आलं, ही शिकंल, आन् येक दिस मला सांगंल, आत्याबाई, तवा आसं केलं असतं तर पोर जगली असती. मला त्ये ऐकायचं नव्हतं. म्हणून जाळला."

राग आहे तिथंच आहे. पण त्याच्या शेजारी येऊन काहीतरी बसलंय आणि ते हलत नाही.

"दे हिकडं कागद," त्या हात पुढं करतात.

मी फॉर्म छातीशी धरते. "पुन्हा जाळाल."

"हितं चूल कुठाय?"

मी वर्गभर बघते. चूल नाही. आगपेटी नाही. तरी मी त्यांचा पदर चाचपून बघते आणि त्याही हात वर करून चाचपू देतात. मग मी फॉर्म बाकावर ठेवते, पण एक कोपरा धरून.

"तवाचा अंगठा ऱ्हायलाय," आत्याबाई म्हणतात. डबीतली मिश्री ओल्या अंगठ्यावर घेतात, नीट पसरतात. अंगठ्यावर विळ्याची ती जुनी तिरपी खूण. "कुठं देऊ?"

मी खाली, सहीच्या जागेकडं बोट करते. पण त्यांना कुठं वाचता येतंय! त्यांना मोकळी जागा दिसते ती नवव्या रकान्याची. तिथंच दाबून अंगठा उठवतात.

"अहो, तिथं नाही! तिथं मेलेल्या माणसाचं नाव लिहायचंय!"

"मग बरूबर हाय की," आत्याबाई म्हणतात.

बाहेर कुठंतरी हॉर्न वाजतोय. त्या उठतात, पदर झटकतात, पिठाचा नुसता धुरळा.

"ल्ही आता शेजारी. नुसत्या अंगठ्याला कोण इचारतंय?"

हॉर्न पुन्हा वाजतो. वर पत्रा टक् टक् करतोय. मी चटईवर उठून बसते, मानेला घाम, तोंड कोरडं. बाहेर मॅडमचा आवाज येतोय, "संजीवनी शेडगे आहेत का? फॉर्म द्यायचाय ना?"

मी आधी फळीकडं बघते. डबी जागच्या जागी आहे, चिंधीनं बांधलेली, मीच मारलेली गाठ. मग माझे दोन्ही अंगठे बघते. स्वच्छ. माझी लेक अजून शाळेतून आलेली नाही, दार मीच अडवून निजले होते.

मग उशाखालून फॉर्म काढते.

नवव्या रकान्यात तपकिरी ठसा आहे. मधून एक तिरपी रेघ गेलीय, तिथं ठसा उठलेला नाही. मी फॉर्म नाकाशी नेते.

"अहो संजीवनीताई, येताय ना?"

"आले, आले! दोन मिनिटं!"

आमच्याकडं रीत आहे. निरक्षर माणूस अंगठा देतं आणि लिहिता येणारं माणूस शेजारी त्याचं नाव घालतं, तेव्हाच तो अंगठा धरला जातो. आत्याबाईंच्या रेशनच्या, विधवा पेन्शनच्या सगळ्या कागदांवर ते नाव मीच घालत आलेय. मी पेनचं टोपण काढते. हात थांबत नाही.

ठशाच्या शेजारी लिहिते, सगुणाबाई गणपत शेडगे, नाते सासू, यांची निशाणी अंगठा.