आईच्या उपासाला मी आणलेले परागकण

आईला मी मारलं नाही, असं सगळे म्हणतात.

सगळ्यांना खरं माहीत नाही.

आज चार वर्षं झाली.

तिला शुगर होती आणि नवरात्राचे नऊ दिवस उपास. बाबांची रेल्वेतली बदली झाली, भुसावळ सुटलं, आम्ही जयपूरला आलो. उपास काही सुटला नाही. साबुदाणा-बटाट्याने शुगर वाढते म्हणून डॉक्टर दरवर्षी ओरडायचे.

मी मोठी हुशार. दुर्गापुऱ्यातल्या एका स्टॉलवरून परागकणांची बाटली घेऊन आले. मधमाश्यांनी गोळा केलेले, मुगाच्या डाळीहून बारीक पिवळे दाणे. नॅचरल आहे म्हणजे चांगलंच असणार, हे माझं बीएस्सीचं शहाणपण.

आईने नाक मुरडलं. माशीच्या पायाला चिकटून आलेलं देवीच्या उपासाला कसं चालेल?

मी म्हटलं, "पंचामृतात मध चालतो ना? मग हेही त्याच माशीचं. धान्य नाही, मीठ नाही. आणि हे बघ, लेबलवर काय लिहिलंय. संपूर्ण आहार."

"मतलब, दुसरं काही खायलाच नको?"

"नकोच," मी म्हटलं. हसत.

मला वाटलं, तीही गंमत करतेय.

त्या वर्षी तिने साबुदाणा बंद केला. दोन वेळा चमचाभर परागकण आणि कपभर दूध, बस. शुगरच्या गोळ्या मात्र वेळच्या वेळी, पूर्ण. गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द तिने कधी मोडला नाही.

शेजारच्या भाभीजींना कौतुकाने सांगायची, लेकीने आणलंय, जरा म्हणून वीकनेस नाही.

सातव्या माळेला मी बनी पार्कच्या ऑफिसात होते. बाबांचा फोन आला. ड्यूटीवरून घरी आले तर ती देवघरासमोर आडवी पडलेली. हॉस्पिटलात कळलं, शुगर पार उतरली होती.

शुद्धीवर आलीच नाही. दोन दिवसांनी गेली.

ती काय खात होती, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, उपासाचंच, नेहमीचं.

तेव्हापासून बाबा सगळ्यांना सांगतात, हार्ट होतं. भुसावळच्या मावशीलाही तेच सांगितलं. मलासुद्धा तेच सांगतात, मान खाली घालून.

बाबा, एकदा तरी माझ्यावर ओरडा ना. मला हे एकटीला झेपत नाही.

आई, माफी मागत नाही. तू ती लगेच दिली असतीस, आणि वर विचारलं असतंस, जेवलीस का.

तुझ्या लेकीचा नमस्कार.