शहाळ्याचं पाणी

आमच्या घरी पाहुण्यांच्या हातात चहाआधी पत्रिका पडायची. बाबा रेवदंड्याजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पुढारी. पापापासून तारणाच्या छापील पत्रिकांचे गठ्ठे यायचे आणि आम्ही दोघी बहिणी ओटीवर बसून त्यांना घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच.

ताईचं सासर खाडीपलीकडचं, जुनं कॅथलिक. त्यांच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देतात, नाहीतर म्हणे जन्माचं पाप धुतलं जात नाही. आमच्यात कळत्या माणसाला समुद्रात बुडवून काढतात. बाळाला पाणी घालणं म्हणजे थोतांड. मग बाळ मेलं तर जातं कुठे? आमच्या पत्रिकेत लिहिलं होतं, विश्वासणाऱ्यांची बाळं देवाजवळ, बाकीच्यांचं देव जाणे. म्हणजे शेजारच्या कोळणीचं बाळ स्वर्गाच्या दाराबाहेर. एवढी क्रूर गोष्ट इतक्या गोड अक्षरांत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

ताईला मुलगा झाला. तिच्या सासऱ्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला धरणारा धर्मपिता म्हणून बोटीवर नोकरी करणारा पुतण्याच हवा होता. त्याला सुट्टी मिळेपर्यंत बाप्तिस्मा थांबवायचा ठरला. देव थांबलाही असेल. बाळाला ताप भरला.

ताई आणि मी त्याला घेऊन रिक्षानं अलिबागला निघालो. नागावपाशी त्याचा श्वास अडकू लागला. पाण्याची बाटली घरीच राहिली होती. ताईसाठी घेतलेलं, तोंड कापलेलं शहाळं तेवढं माझ्या हातात होतं. तिनं ते ओढून घेतलं, बाळाच्या कपाळावर ओतलं आणि सासरी ऐकलेले शब्द म्हटले, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. दवाखाना यायच्या आत बाळ गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरच्या ओटीवर पुरुष बसले. बाप्तिस्मा न झालेली बाळं पूर्वी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर, निवडुंगाजवळ पुरत. फादरनी फोनवर सांगितलं होतं, आत घ्या, देवाच्या दयेवर सोपवा.

"फादर पोरगा हाय," सासरे म्हणाले. "काल आला, उद्या बदली. आमच्या बापजाद्यांनी पाळलं ते काय खोटं? बाप्तिस्म्याला साधं पाणी लागतं. नारळाचं चालत न्हाय."

"मग बाटलीतलं चाललं असतं?" मी विचारलं.

"तू गप. व्याही, तुम्ही सांगा. तुम्ही पुस्तकं वाटता."

बाबा काय बोलणार ते मला पाठ होतं. पण ते माझ्याकडे वळले.

"शब्द बरोबर म्हटले का तिनं?" त्यांनी विचारलं.

"म्हटले."

"मग पाणीच ते. झाला बाप्तिस्मा."

जन्मभर ज्याला थोतांड म्हटलं, त्याच्याच दारात बाबा उभे होते, आणि तेही शहाळं घेऊन. सासरे हसले. "तुमच्यात तर समुद्र लागतो ना, व्याही? नारळात भागलं?"

तेवढ्यात ताई आतून आली. बाळाची लहानशी पेटी तिनं उराशी धरली होती.

"बाहेर पुरणार असाल तर माझीही जागा बाहेरच दाखवून ठेवा," ती सासऱ्यांना म्हणाली. "मी त्याच्याजवळ असणार."

सासऱ्यांनी त्यांच्याकडेच राहणारी कब्रस्तानाची चावी खुंटीवरून काढली. बाळाला त्याच्या पणजीच्या शेजारी, आत पुरलं. एवढ्या मोठ्या धर्मशास्त्राचं कुलूप एका बाईच्या दोन वाक्यांनी उघडलं.

पत्रिकांच्या पुढच्या गठ्ठ्यात बाळांचा तो परिच्छेद जसाच्या तसा होता. बाबा एकटेच घड्या घालत बसले होते.

"कोळणीचं बाळ अजून बाहेरच का?" मी विचारलं.

"बस इथं. घडी घाल."

मी बसले नाही.