टेबलफॅनने वाचवलेलं बेट

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." शेषराव रामटेके साधा शिंकल्याचंही मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पठ्ठ्या थेट गेलाच!

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात आम्ही समोरासमोर राहायचो आणि पर्यावरणाच्या एकाच कचेरीत खुर्च्या झिजवायचो. रामटेके भंडाऱ्याचा; समुद्र त्याने पस्तिशीत पाहिला, तोही सरकारी खर्चाने. नवं आर्थिक धोरण आलं होतं, गुडगावात सकाळी पाया आणि संध्याकाळी गच्ची अशा इमारती उगवत होत्या, आणि एका कंपनीला अरबी समुद्रातल्या एका बेटावर हॉटेल हवं होतं, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या सपाट करून. नकाशात तिथे लिहिलं होतं, 'रिकामी जागा'. पाहणीला गेलेला रामटेके परतला तो जेवणाच्या डब्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मर्यादवेल घेऊन. "रिकामी कसली यार! ही वेल वाळू धरून बसलीय. टेकडी गेली की समुद्र थेट गावच्या विहिरीत. आणि कासवांनी अंडी कुठे घालायची, लॉबीत?"

त्याचा अहवाल 'भावनिक' ठरला. उरली शेवटची बैठक. मग गुडगावच्या एका बांधकामावरून वाळू आली, बाल्कनीत दोन ट्रे भरले. एकात वेल रुजवली, दुसरा मोकळा. रोज टेबलफॅनपुढे तालीम. चूक एकच झाली... लक्ष्मीबाई नगरातलं व्होल्टेज असं, की फिरत्या पंख्याची पाती मोजून घ्यावीत. बैठकीच्या खोलीत मात्र वीज साहेबांच्या दर्जाची!

मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, वो तो खाली ज़मीन है," आणि रामटेकेने बटण दाबलं. मोकळ्या ट्रेतली वाळू उठली ती नकाशावर, फायलींवर, संयुक्त सचिवांच्या चहात. वारा उलटा होता म्हणून, नाहीतर आग्र्यात वादळाचा इशारा द्यावा लागला असता.

"रामटेके! ये क्या तमाशा है?"

"सर, यह बिना बेल का किनारा था."

साहेबांनी भुवईवरची वाळू पुसली, दुसऱ्या ट्रेकडे पाहिलं. "और ये क्यों नहीं उड़ा?"

"इसके कर्मचारी ड्यूटी पर हैं, सर."

साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. संध्याकाळपर्यंत फायलीवर शेरा पडला: टेकड्यांना हात लावायचा नाही. कंपनी गेली. टेकड्या आजही उभ्या आहेत, कासवं आजही वर चढतात.

बेटावरून दरवर्षी बोलावणं यायचं, हा जायचा नाही. "माझ्या पायांनीही वेल तुटतेच की." निवृत्तीनंतर आम्ही नोएडातल्या एकाच सोसायटीत आलो. तिथेही हा हिरवळीतून कधी सरळ गेला नाही. दूध आणायलासुद्धा अख्खा वळसा. मी त्याला खूप छळलं त्यावरून.

परवा सोसायटीच्या हॉलमधल्या त्याच्या पुण्यानुमोदनाच्या प्रार्थनेनंतर सगळे गेटकडे निघाले. हिरवळीतून सरळ गेलं तर वीस पावलं. पण अख्खी सोसायटी कडेकडेने, वळसा घालून गेली. मीसुद्धा. आणि मी तर तुडवणाऱ्यांचा पुढारी!