पाद्रीबाबाची गोष्ट

दोह्यातल्या अल सद्द भागातल्या दुकानात सुक्या बोंबलांचा वास आला आणि एकदा वसईहून इथे आलेले माझे पप्पा आठवले. माझी छोटी रिया त्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची. मराठी बोललं की चुलत भावंडं हसतात, म्हणायची.

एका संध्याकाळी पप्पांनी तिला जवळ घेतलं. “फार पूर्वी एक परदेशी पाद्री गलबतातून आपल्याकडे आला. गावोगाव फिरून प्रत्येक वस्तूचं नाव विचारायचा.”

“लोक हसले?” तिने इंग्रजीत विचारलं.

“पोट धरून! पण त्याने विचारणं सोडलं नाही. शेवटी आपल्याच भाषेत पुस्तकं लिहिली.”

 रिया पप्पांच्या गालावरच्या खड्ड्यात बोट ठेवून हळूच मराठीत म्हणाली, “याला काय म्हणतात?”

“खळी,” पप्पा म्हणाले.

तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. आज तीच रिया वसईच्या आजीशी फोनवर तासभर मराठीत भांडते, आणि जिंकते.