तरटपट्टीवरची मागची जागा

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी गिरणी चालू होती. ज्वारीचं दळण होतं. खिशात फोन थरथरला असेल, पण पट्टा फिरत असला की माझं अंगच थरथरत असतं, त्यात फोन कुठला समजायचा. शेजारचा सायकलवाला रज्जाक आत आला आणि त्यानं भिंतीवरचा खटका खाली ओढला. माझ्या गिरणीचा खटका माझ्याशिवाय कुणी ओढत नाही. मी ओरडणारच होतो. पण तो माझ्याकडं बघत नुसता उभा राहिला. खटका ओढला तरी दगड लगेच थांबत नाहीत, फिरत फिरत मंद होतात. ते पूर्ण थांबले तेव्हा तो म्हणाला, "सोपानदादा, बाजारात चला. वहिनींना बरं वाटत नाही."

बरं वाटण्याच्या पलीकडं गेलं होतं. मेथीची जुडी घेताना शालनला घाम आला, ती भाजीवालीच्या पोत्यावर टेकली आणि तिथंच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तो रविवार होता.

शालन, माझी बायको, केंद्रप्रमुख होती. म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्याकडं होत्या आणि तिथल्या शिक्षकांची दर महिन्याला एक बैठक ती घ्यायची. बैठकीत कागदपत्रं, आकडे, साहेबांचे निरोप हे सगळं असायचंच. पण शेवटचा अर्धा तास तिचा स्वतःचा. प्रशिक्षणाच्या कागदावर त्याला फार मोठी नावं होती, दोन प्रकारच्या बुद्धिमत्ता वगैरे. ती घरी भाकरी थापता थापता म्हणायची, "अहो, दोनच गोष्टी आहेत. आपल्या मनात काय चाललंय ते मास्तरला कळलं पाहिजे, आणि समोरच्या पोराच्या मनात काय चाललंय ते कळलं पाहिजे. बाकी गणित-मराठी त्यांना येतंच."

पहिल्या गोष्टीसाठी तिनं चपलांची रीत घातली होती. आमच्याकडच्या शाळांत पोरं आणि शिक्षक वर्गाबाहेर चपला काढतात. ती म्हणायची, चपला काढताना एक खरं वाक्य स्वतःशी बोला. आज मी काय घेऊन आलोय? डोकं दुखतंय. घरी भांडलोय. काल पोरीला ताप होता. बोललं की ते चपलेपाशी राहतं, पोरांच्या अंगावर जात नाही. बैठकीत हे वाक्य ती मोठ्यानं बोलायला लावायची. दुसऱ्या गोष्टीसाठी दोघा-दोघांना समोरासमोर बसवायची. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मग ऐकणाऱ्यानं सांगायचं, त्याचे शब्द नाही, त्याच्या मनात काय होतं ते.

शिक्षक हसायचे सुरुवातीला. "मॅडम, आम्ही काय बालवाडीत आहोत का?" ती म्हणायची, "बालवाडीत असतात तर सोपं गेलं असतं."

त्यात एक वाळुंज सर आहेत. किरण वाळुंज, नदीपलीकडच्या वस्तीशाळेवर. मुलं पुस्तक वाचायला शिकावीत म्हणून जीव टाकणारा माणूस, पण तापट. चपलेपाशी दर वेळी त्यांचं वाक्य एकच, "काही नाही." शालन जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. ती अंगणात फेऱ्या मारत ऐकत होती. आत आल्यावर मला म्हणाली, सर पाढ्यांवरून वर्गावर ओरडले, आणि इतके ओरडले की दुसरीतल्या एका मुलीनं बसल्या जागी लघवी केली. तेव्हापासून सरांना वर्गात पाय टाकवत नाही. व्हरांड्यातून शिकवतायत. ती त्यांना म्हणाली होती, "सोमवारी येते मी. मागं पोरांच्या तरटपट्टीवर बसते. तुम्ही काही शिकवू नका, नुसते आत या. पुढचं मग बघू."

सोमवारी आम्ही तिची राख सावडत होतो.

सर त्यानंतर गिरणीवर येऊ लागले. दळण आणायचे, उभे राहायचे, जायचे. आज सकाळी पुन्हा आले. गव्हाची पिशवी ठेवली आणि पट्ट्याच्या आवाजात ओरडून म्हणाले, "दादा, उद्या अर्ज देतोय. वर्ग नको म्हणून. कार्यालयात कुठं बसवतील तिथं बसेन." आणि थांबले. मी म्हटलं, "मी गिरणीवाला माणूस, सर. मला त्यातलं काय कळतं." ते पीठ न घेताच गेले.

दुपारी लाइट गेली. मी घरी येऊन कॉटवर पडलो. गादीवर धुतलेली गुळगुळीत चादर होती. गिरणी बंद असली तरी कानात तिची घरघर राहतेच. ती घरघर ऐकत मी डोळे मिटतो.

घरघर थांबत नाही. उलट जवळ येते. मी खटका बघायला उठतो, तर भिंतीवर खटक्याच्या जागी शाळेची घंटा टांगलेली आहे. गिरणीचा ओटा लांबत लांबत व्हरांडा झालाय. व्हरांड्यावर चपलांची रांग आहे आणि शालन वाकून त्या सरळ करते आहे. तिच्या केसांवर पीठ आहे. मला वाटतं पिकले, पण पीठच आहे.

"उशीर केलात," ती म्हणते.

"दळण होतं."

"तुमचं दळण कधी संपलंय?" ती माझी एक उलटी पडलेली चप्पल सुलटी करते. "बोला वाक्य."

"कसलं वाक्य?"

"अहो, इतकी वर्षं माझी बडबड ऐकलीत भाकरीबरोबर. आज काय घेऊन आलात?"

"काही नाही."

ती हसते. "हे तर वाळुंज सरांचं. तुमचं सांगा."

मी तिच्या पायांकडं बघतो. "तुझ्या चपला कुठं आहेत?"

"मला आता कुठं लागतात," ती म्हणते आणि उंबऱ्यातून आत जाते.

मीही जातो. वर्ग आहे. फळ्याच्या बाजूला आमचा गॅस आहे, त्यावर दूध ठेवलंय. खिडकीबाहेर नदी आहे आणि नदीत बाजार भरलाय, माणसं कमरेएवढ्या पाण्यात मेथी घेतायत. कुणाला त्याचं काही नाही. खाली तरटपट्ट्यांवर शिक्षक बसलेत, मोठमोठाली माणसं, गुडघे वर काढून, पुढ्यात पाट्या. शालन सगळ्यात मागच्या पट्टीवर बसते आणि शेजारची जागा हातानं झटकते. मी मांडी घालून बसतो. तरट पायाला टोचतं.

"इथं टोचतं गं."

"पोरांना रोज टोचतं. त्यांनी कुणाला सांगायचं?"

ती पर्समधून भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवते. कोमट आहेत, आत्ता भाजल्यासारखे. समोरून वाळुंज सर येतात आणि माझ्यासमोर बसतात. ओठ हलवतात. घरघरीत एक अक्षर कळत नाही. मी मान हलवतो, गिऱ्हाइकाला हलवतो तशी.

"ऐकू आलं?" शालन विचारते.

"आलं की."

"काय म्हणाले?"

"बारीक दळा म्हणाले."

ती मोठ्यानं हसते. पुढच्या पट्टीवरचे दोन मास्तर मागं वळून बघतात. मग ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवते. हाताला वजन आहे. "खटका ओढा," ती म्हणते.

"दळण अर्धं आहे."

"अर्धंच राहू द्या."

घंटेशेजारी खटका पुन्हा आलाय. मी उठत नाही, पण हात तिथवर पोचतो. ओढतो. दगड मंद होतात, आणखी मंद. इतके सावकाश की मला भीती वाटायला लागते, कारण हे असंच एकदा झालंय आणि थांबल्यावर काय कळतं ते मला माहीत आहे. मी शालनकडं बघतो. ती आहे. दगड थांबतात आणि ती अजून आहे.

आता सरांचा आवाज ऐकू येतो. ते हळू बोलतायत. "दादा, मी उद्या अर्ज देतोय. ती पोरगी रोज येते. मला बघून हसते. तिनं हसू नये असं मला वाटतं."

शालन मला कोपरानं ढोसते. "काय ऐकलंत?"

"वर्ग सोडतो म्हणाले."

"ते शब्द झाले. मनात काय आहे?"

मला येत नाही. शाळेत असताना फळ्यापाशी उभं केल्यावर व्हायचं तसं होतं. दूध वर यायला लागतं आणि कुणी उठत नाही. मी सरांकडं बघतो. त्यांचे पायाचे अंगठे आत वळलेत, लहान पोरासारखे.

"सोडायचं नाही त्यांना," मी म्हणतो. "एकट्यानं आत जायचं नाही, एवढंच. लाज वाटते. कुणीतरी बरोबर पाहिजे."

शालन एक शेंगदाणा सोलून साल फुंकते. ती खूश झाली की असंच करायची. सर तिथं नाहीत आता. त्यांच्या जागी गव्हाची पिशवी आहे.

"मग कोण बसणार मागं?" ती विचारते.

"तू बोलली होतीस ना त्यांना."

"मला जमणार आहे का आता?"

"दुसऱ्या कुणाला सांग. शिकलेलं माणूस असेल. मी सातवी नापास, शालन."

"बसायला काय पास व्हावं लागतं? आत्ता बसलातच की."

"आणि काय करू तिथं?"

"दगड फार जवळ आले की पीठ तापतं, तुम्हीच सांगायचात. चिमटीत धरलं की कळतं तुम्हाला. सरांना ते कळत नाही, कारण तापल्यावर त्यांच्याजवळ कुणी उभंच राहत नाही. तुम्ही राहा. तोंड उघडू नका. ओरडायच्या आधी त्यांनी मागं बघितलं तर तुम्ही दिसलात, एवढं पुष्कळ."

व्हरांडा आता आमच्या अंगणात आलाय. आम्ही पट्टीसकट तिथंच बसलोय. शिक्षक निघून गेलेत, चपला तेवढ्या राहिल्यात. ऊन तिरकं झालंय. मला कळतं की थोडाच वेळ आहे, आणि बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं एकही मला आठवत नाही.

"तुझं वाक्य सांग," मी म्हणतो. "सगळ्यांना बोलायला लावतेस."

ती विचार करते. "मेथी निवडायची राहिली," ती म्हणते.

"निवडली मी. त्या दिवशी पिशवी घरी आली तुझ्याबरोबर. पाहुणे गेल्यावर निवडून ठेवली."

"आणि?"

"सुकली. टाकवली नाही बरेच दिवस."

"आता तुमचं."

मी चपलांकडं बघतो. कुठली माझी ते ओळखू येत नाही. "घरी गेल्यावर आवाज देतो मी तुला," मी म्हणतो. "अजून. दाराशी चपला काढताना. तोंडातून निघून जातं."

"हं," ती म्हणते. "हे खरं. आता जा आत."

"आत कुठं?"

घंटा वाजते. शालन उठते आणि तिच्या साडीला तरटाचे तुकडे चिकटलेत ते झटकते. मी उठायला जातो, पण पाय बधिर झालेत.

लाइट आली होती. डोक्यावरचा पंखा फिरत होता आणि मी कॉटवर होतो, उताणा, पाय सरळ. पाय खरंच बधिर झाले होते. चोळायला बसलो तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीवर वळ होते. बारीक, आडवे-उभे विणीचे वळ, तरटपट्टीवर मांडी घालून बराच वेळ बसलं की उमटतात तसे. चादरीवरून हात फिरवला. गुळगुळीत.

तसाच गिरणीवर आलो. रज्जाक टायर काढत होता.

"पोत्यावर झोपला होता का दादा?" माझ्या पायाकडं बघून तो म्हणाला.

"नाही. कॉटवर."

तो जवळ आला, वाकून बघितलं. त्याची पोरंही जिल्हा परिषदेच्याच शाळेत होती, वळ कशाचे ते त्यालाही कळलं असणार. "चहा सांगतो," म्हणाला.

चहा येईपर्यंत मी वळांवर बोट फिरवत राहिलो. चहा संपला तेव्हा नडगीवरचे गेले होते. घोट्यावरचे हे लिहिताना अजून थोडे आहेत.

वाळुंज सरांचं पीठ ओट्यावर तसंच आहे. आज रविवार. उद्या शाळा भरायच्या आधी नदीपलीकडं जायला हवं, ते पीठ घेऊन. सरांना मी अजून फोन केलेला नाही. शालननं कबूल केलेलं सोमवारचं बसणं राहिलंय.