गेटवरची खुर्ची

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात अण्णांना कुणी वाईट वागवलं, असं मी म्हणणार नाही. उलट सगळे लई चांगले वागले. तेच तर सांगायचंय.

मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत सुपरवायझर आहे. अण्णा आमच्यातले जुने विणकर, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी नवा लागलो तेव्हा तुटलेला धागा कसा जोडायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी चालू मागाच्या गिअरमध्ये त्यांचा उजवा हात सापडला. मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. दवाखान्यातून परत आले, तर मालकांनी गेटवर खुर्ची टाकून ठेवलेली. वर पंखा, अंगात खाकी शर्ट, पगार होता तेवढाच. "आता बसून खा म्हणावं," मालक म्हणाले. कामगार त्यांचा डबा उघडून द्यायचे, चहा आला की कुणीतरी कप थेट त्यांच्या ओठाला लावायचं. अण्णांचा डावा हात धडधाकट होता, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती.

अण्णांना माग हवा होता. महिन्यातून एकदा ते माझ्याकडे येऊन म्हणायचे, "साहेब, एक माग द्या की. बसून बसून अंग आंबतंय." मी म्हणायचो, "बघू अण्णा." बघू म्हणजे नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

गेल्या वर्षी मालकांनी चीनचा नवा माग मागवला आणि तो बसवायला तिकडचा एक मिस्त्री आला. चाळिशीचा, हडकुळा, आमच्या शेंगाचटणीवर खूश. बोलणं सगळं मोबाईलमधून. तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि मोबाईल हिंदीत सांगायचा. चौथ्या दिवशी माग सारखा थांबायला लागला. आम्ही दोघं-तिघं डोकं खाजवत उभे. गेटवरून अण्णा आले, कान देऊन ऐकलं आणि डाव्या हातानं एक जागा दाखवली. तिथंच गडबड होती. मिस्त्रीनं त्यांचा उजवा हात बघितला आणि आमच्यासारखं अरेरे न करता सरळ डाव्या हातात पाना दिला. पुढचे पंधरा दिवस अण्णा त्याच्याबरोबरच. नव्या मागाला बटणं जास्त, हातकाम कमी. अण्णांना दोन दिवसांत जमलं. खरं सांगायचं तर मला राग आला. पाच वर्षं मला जे दिसलं नाही, ते ह्या परक्या माणसाला चार दिवसांत दिसलं, ह्याचा राग.

जायच्या दिवशी तो करंगळी पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला. आमच्या शेडमध्ये मागांचा आवाज इतका, की लघवीला जायचं असलं तर माणूस नुसती करंगळी दाखवतो. मी त्याला संडासाची वाट दाखवली. कामगार हसले. मग मोबाईल बोलला, की त्यांच्याकडे शब्द असा देतात. करंगळीत करंगळी अडकवायची, मग अंगठ्याला अंगठा टेकवायचा, तो शिक्का. शंभर वर्षं बदलायचं नाही. खरं तर पोरांची रीत, पण मोठी माणसंही करतात म्हणे. आधी त्यानं अण्णांना शब्द दिला, मागाचं काही अडलं तर फोन उचलीन म्हणून. त्याला जी दोन बोटं लागत होती तीच अण्णांकडे होती. पाच वर्षांत त्या हाताशी कुणी हात मिळवलेला मी पाहिला नव्हता. अण्णा खाली बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "हा माग ह्यांच्याकडेच ठेवाल?" मी करंगळी अडकवली, अंगठा टेकवला. आपलं काय जातंय, असंही तेव्हा मनात होतं.

चार महिने अण्णांनी तो माग चालवला. त्यांच्या हातचा एक टॉवेल खराब म्हणून परत आला नाही. मग परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार असं ठरलं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्यांच्यासमोर थोटा माणूस मशीनवर बरा दिसत नाही. म्हणतील, ह्यांना दयामाया नाही. आणि परत काही झालं म्हणजे? गेटवर बसव बाबा, सुखानं बसू दे." तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मी शब्द दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. मी "बरं मालक" म्हणालो. अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं का?" मी नाही म्हणालो. पाहुणे येऊन गेले, अण्णा खुर्चीवरच राहिले. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. काहीच वाटलं नाही. घरी गेलो, जेवलो, झोपलो.

परवा दुपारी मिस्त्रीचा व्हिडिओ कॉल आला. माग कसा आहे, आणि अण्णांना दाखवा. पाच मिनिटांत लावतो म्हणून मी फोन ठेवला आणि गेटवर गेलो. "अण्णा, त्याचा फोन आलाय. दोन मिनिटं मागापाशी उभं राहता का?" हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, ह्याची आता लाज वाटते.

अण्णा उठले. खाकी शर्ट काढायला हवा, हे मला सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं. शर्ट खुर्चीच्या पाठीला अडकवून ते बनियनवर शेडमध्ये आले, मागावरच्या विणकराला बाजूला व्हायला सांगितलं आणि बटणावर हात ठेवून उभे राहिले. मी फोन लावला. मिस्त्री हसला, काहीतरी बोलला. त्याच्या हातातल्या दुसऱ्या मोबाईलनं हिंदीत विचारलं, माग अजून तुम्हीच चालवता ना?

"हाँ, मैंच चलातूं," अण्णा म्हणाले. "साब तुमकू जो बोले, वोच करे."

फोन संपला. आम्ही गेटपर्यंत चालत आलो. अण्णा शर्ट घालून डाव्या हातानं बटणं लावायला लागले.

"परत फोन आला तर बोलवा की," ते म्हणाले. "मी येऊन उभा राहीन. परक्या माणसापुढं तुमचा शब्द कशाला खाली पडू द्यायचा?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला आणि अण्णा गेट उघडायला गेले.